आरवलीचा वेतोबा आणि आमच्या परसातला पडलेला फणस

माडाखाली (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, पण आधी थोडं सविस्तर सांगावं लागेल.

माझं आजोळ आरवली, वेंगुर्ले तालुका, शिरोड्याच्या अगदी शेजारी. मामा गेल्यापासून घर वर्षाचे दहा महिने बंदच असतं. गणपतीला आणि मे महिन्यात आम्ही मुंबईहून जातो, तेवढंच. यंदा श्रावणातल्या वाऱ्यात परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. आईच्या आजोबांनी लावलेलं झाड. खोडाला मिठी मारायला दोन माणसं लागतात. पडताना त्याने न्हाणीघराची भिंत घेतली, घराला मात्र धक्का लावला नाही.

घराच्या दारांच्या चौकटी वाळवीने खाल्ल्यात, त्या यंदा बदलायच्याच होत्या. कामाला घेतलेला ठेकेदार बाहेरचा. त्याने खोडावर कुऱ्हाडीचा एक घाव घालून आतला पिवळाधमक गाभा दाखवला आणि म्हणाला, असं लाकूड आज पैसे देऊनही मिळत नाही, चौकटी, देवघर, झोपाळा सगळं यातच करून देतो. मी हो म्हणणार तेवढ्यात पडवीतून आईचा आवाज आला, "फणसाक हात लावचो नाय."

आरवलीत फणसाचं लाकूड कोणी वापरत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ज्या गोष्टी ठाऊक असतात त्यांचा विचार आपण करत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वेतोबा म्हणजे वेताळच, आरवलीचा राखणदार. मूर्ती सुमारे नऊ फुटांची, उभी, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात अग्निपात्र. सभामंडपातून पुढे गेलं की आपण एकदम लहान होतो. मी पन्नाशीला आले तरी तिथे गेल्यावर मला आईचा पदर शोधावासा वाटतो. गावाची श्रद्धा अशी की तो रात्री पायी गावाच्या चारी हद्दी फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात. नवस फेडायला लोक त्याला नव्या वहाणा देतात, साध्या चामड्याच्या, हातभर लांब. आणि केळ्यांचे घड, अख्खे. जत्रेला तर मंदिरात जिकडे बघावं तिकडे केळीच केळी.

आता फणसाचं. वेतोबाची आधीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती. ज्या लाकडातून देव घडला त्याचा पाट करून त्यावर बसायचं नाही, त्याचा दरवाजा करून तो पायाने लोटायचा नाही, एवढा साधा त्यामागचा भाव. पण 1996 साली लाकडी मूर्तीच्या जागी पंचधातूची मूर्ती बसवली. म्हणजे गेली कित्येक वर्षं देव फणसात नाही. मग नियम अजून आहे का? आणि असेल तर या एवढ्या मोठ्या झाडाचं आम्ही करायचं काय? तुमच्या गावात असं काही असेल तर जरूर सांगा.

---

तांबडी माती

माडाखाली, तुमच्या आईंनी योग्य केलं. माझी सासुरवाड आरवलीची. तिथल्या जुन्या घरांत साग, आंबा, किंजळ, माडाचं लाकूड सगळं दिसेल, फणस नाही. आमच्या सासूबाई फणसाची वाळलेली फांदीसुद्धा चुलीत घालत नसत, गड्याला सांगून कुंपणाला टाकायला लावत. फळ मात्र सगळं खायचं! गरे, साठं, आठळ्यांची भाजी, कुवल्याची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. झाडावर रुसवा नाही, लाकडाचा मान आहे.

देव धातूचा झाला म्हणून लाकडाचा मान गेला, असं मला नाही वाटत. आजोबा गेल्यावर त्यांची काठी आपण चुलीत घालतो का?

---

सह्यकडा

चांगला धागा. मी पुण्याचा, आमच्याकडे वेताळ वेगळाच. वेताळ टेकडी शहरातली सगळ्यात उंच टेकडी, तिच्या माथ्यावर वेताळाचं देऊळ. आजच्या गुरुवार पेठेचं जुनं नावही वेताळ पेठ. देशावर बहुतेक गावांच्या शिवेवर शेंदूर फासलेला एक धोंडा असतो, भोवती लहान धोंड्यांचं रिंगण, तोच वेताळ. अमावस्येच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढे मशाली, मागे सगळी भुतावळ, आणि आडवं आलेल्याचं खरं नाही, अशा गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो.

त्यामुळे प्रश्न असा की भुतांचा राजा कोकणात आल्यावर प्रेमळ राखणदार कसा झाला? विक्रम-वेताळातला झाडाला लोंबकळणारा तो, आणि केळी खाणारा हा, एकच का?

---

मांडवीकाठ

सह्यकडा, "प्रेमळ" हा शब्द जरा जपून. आमच्या गोव्यात वेताळ किती ठिकाणी आहे बघा: आमोणे, प्रियोळ, लोलये, पैंगीण. सासष्टीतल्या बेताळभाटी गावाच्या नावातच तो आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडली, पण गावाच्या नावातून त्याला काढता आलं नाही. बेताळभाटीत आज चर्च आहे, आणि रोज हजारो माणसं न कळत वेताळाचं नाव घेतात.

गोव्यातल्या जुन्या पाषाणमूर्ती पाहिल्यात तर अंगावर काटा येतो. नग्न, बरगड्या मोजता येतील असं शरीर, गळ्यात मुंडमाळ, पोटावर विंचू. तो गोंडस नाही आणि कुणी त्याला तसा करू पाहिलेलंही नाही. तरी माझी आजी संध्याकाळी दिवा लावून त्याचंच नाव घ्यायची आणि निर्धास्त झोपायची. मला वाटतं यात विरोध नाहीच. रात्रीचं जे जे आहे त्याला ज्याची भीती वाटते तोच रात्रीची राखण करू शकतो. दारावर गुरखा ठेवताना आपणही मिशीवाला दणकट बघतो.

पैंगीणच्या वेताळाची गड्यांची जत्रा दर तीन वर्षांनी भरते. गडे म्हणजे व्रत घेतलेले पुरुष. जत्रेआधी ते घर सोडून सोवळ्यात राहतात. गावासाठी आपलं शरीर काही काळ देवाला द्यायचं, असा तो प्रकार. वाचून कळण्यातला नाही.

वहाणांची रीत आमच्याकडेही आहे. आमोण्याच्या वेताळालाही वहाणा वाहतात. त्यामुळे आरवली आणि आमचं नातं राज्याच्या हद्दीपेक्षा जुनं आहे. तेरेखोलची खाडी ओलांडली की झालं.

---

कातळफूल

मी मालवण बाजूची. वेतोबा नाही आमच्याकडे, पण राखण आहे. शेताच्या मेरेवर, ठरलेल्या झाडाखाली, वर्षातून एकदा देवचाराला, म्हणजे हद्द राखणाऱ्या देवाला, "राखण" द्यायची. कोंबडा, भात, नारळ, विडा. आमचे बाबा सांगायचे, देवचार रात्री हातात काठी घेऊन फिरतो, काठीला घुंगरू असतात, आणि आपली हद्द तो ओळखतो. वाट चुकलेल्या माणसाला तो गावाच्या वेशीपर्यंत सोडून परत फिरतो, पुढे येत नाही, कारण पुढची हद्द दुसऱ्याची.

मला हे फार आवडतं. देवाचीही हद्द ठरलेली, आणि तो ती पाळतो.

---

सुतारपक्षी

घरात तीन पिढ्या सुतारकाम, म्हणून लिहितो.

ठेकेदार लाकडाबद्दल खोटं बोलला नाही. जुन्या फणसाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पाण्यालाही टिकतो, रंधा मारला की हळदीसारखा रंग येतो आणि वर्षं जातील तसा तो तांबूस तपकिरी होत जातो. दक्षिणेत मृदंगाचं खोड फणसाचंच करतात. ब्रह्मदेश, श्रीलंकेकडे भिक्खूंची चीवरं रंगवायला याच गाभ्याच्या ढलप्या उकळून रंग काढत. तेव्हा या झाडाला पावित्र्य फक्त आरवलीनेच दिलं असं नाही. पण आपल्याकडे जवळच सावंतवाडीला एवढी लाकडी खेळण्यांची परंपरा, तिथेही खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड घेत आले.

देवाची मूर्ती फणसाची का केली असेल, याचं सुतार म्हणून माझं उत्तर सोपं आहे. नऊ फुटांचा देव एकसंध घडवायचा तर तेवढ्या घेराचं, न तडकणारं, कीड न लागणारं आणि परसात उभं असलेलं दुसरं कुठलं झाड आहे कोकणात? आंबा कुजतो. साग एवढा जाड सहज मिळत नाही. आणि एकदा देव त्यातला झाला की मग ते लाकूड माणसांचं राहत नाही. माझ्या वडिलांना एकदा आरवलीहून काम आलं होतं. त्यांनी निघतानाच सामानातली फणसाची ठोकळी, अगदी हातोडीच्या दांड्याचीसुद्धा, घरी काढून ठेवली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर चौकटी दुसऱ्या लाकडाच्या करा. पन्नास कोसांवर मी हेच लाकूड आनंदाने वापरीन. आरवलीत नाही.

---

पिंपळपान

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. मी श्रद्धाळू नाही. कोकणच्या दमट हवेत चामडं चार महिन्यांत बुरशी धरून मऊ पडतं, उंदीर कुरतडतात. वहाणा "झिजण्याला" एवढं कारण पुरे आहे. तसंच लाकडाचं. 1996 नंतर नियमाचं कारणच उरलं नाही, तर शंभर वर्षांचं झाड कुजू देणं हे नुकसान नाही का? तुमच्या पणजोबांनीही काही विचार करूनच लावलं असेल ना.

---

तांबडी माती

पिंपळपान, राग कसला. पण तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. पणजोबा आरवलीचेच होते. फणस लावताना त्यांना माहीत होतं की याचं लाकूड आपल्या कुणाच्या कामी येणार नाही. तरी लावला. फळासाठी, सावलीसाठी. लाकडाचा हिशेब त्यांनी धरलाच नव्हता, मग नुकसान कसलं?

आणखी एक. फणस तोडून विकायचा मोह कोकणात सगळीकडे आहे. आरवलीत जुने फणस उभे दिसतात ते का, याचा विचार करा.

---

पिंपळपान

पणजोबांचा मुद्दा मान्य. माझ्या डोक्यात आला नव्हता.

---

सह्यकडा

लाकडी देवाच्या जागी धातूचा, यावरून आठवलं. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती कडुनिंबाची. ती काही वर्षांनी, आषाढ अधिक आला की बदलतात, नवकलेवर म्हणतात त्याला. अलीकडचे दोन 1996 आणि 2015 चे. म्हणजे ज्या वर्षी आरवलीत लाकूड जाऊन धातू आली, त्याच वर्षी पुरीत जुनं लाकूड जाऊन नवं लाकूड आलं. योगायोगच, पण दोन गावांनी एकाच अडचणीवर किती वेगळी वाट काढली! पुरीने म्हटलं, देवाचं शरीर पुन्हा पुन्हा बदलू. आरवलीने म्हटलं, आता न झिजणारं देऊ. आणि तरी आरवलीने झाडाचा मान काढून घेतला नाही, हे मला जास्त मोठं वाटतं. लाकडाशी असलेलं नातं गरजेपुरतं असतं तर ते त्याच दिवशी संपायला हवं होतं.

---

मांडवीकाठ

सातेरीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. आरवलीला सातेरीही आहे, आणि तिच्याशिवाय वेतोबाचं चित्र अर्धंच राहतं. सातेरी म्हणजे भूमी, वारुळाच्या रूपात पुजलेली. गोव्यात आणि सिंधुदुर्गात गावोगाव ती आहे. गाव तिचं, राखण याची. जमिनीला राखणारा हवा आणि राखणाऱ्याला जमीन हवी. दोन्ही देवळं बघितल्याशिवाय परत येऊ नका कुणी.

---

कातळफूल

माडाखाली, व्यवहाराचं बोलते. मंचावर मतं शंभर मिळतील, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जागा ठरलेली आहे. देवळात जा, गाऱ्हाणं घाला. आमच्या गावी असा पेच पडला की देवाला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरव प्रश्न नीट मांडतो, आणि उजवी पडली की डावी यावर ठरतं. लग्नाचा, जमिनीचा, विहिरीचा, सगळा प्रश्न लोक तिथे नेतात. उत्तर येईपर्यंत माणसं उभी राहतात, आणि त्या उभं राहण्यात घरातली अर्धी भांडणं मिटतात हे मी पाहिलंय. चार भाऊ एका ओळीत हात जोडून तासभर गप्प उभे राहिलेत, असं दुसऱ्या कुठल्या जागी होतं सांगा.

---

माडाखाली

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात आम्ही जाऊन आलो. लिहायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

सकाळी केळ्यांचा घड घेऊन गेलो. गाऱ्हाणं घातलं. माझ्या मुलाने ते पहिल्यांदाच इतकं जवळून ऐकलं. "बा देवा वेतोबा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. तेंच्या परसातलो फणस वाऱ्यान पडलो. तेंचा जां काय चुकला-माकला असात तां पदरात घे, घरादाराची, गुरावासरांची राखण कर..." प्रत्येक ओळीला मागून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!" तिसऱ्या वेळेपासून मुलगाही म्हणायला लागला. घरात आता गुरंवासरं नाहीत. पण गाऱ्हाण्यात त्यांची राखण अजून मागितली जाते, आणि आईने त्याला मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं.

फणसाचं विचारायची वेळ आली तेव्हा आई पुढे झाली आणि म्हणाली की विचारायचं काही नाही, सांगायचंच आहे. झाड जिथे पडलं तिथेच राहील. न्हाणीघराची भिंत एक हात अलीकडे घेऊ. मला वाटलं होतं मी वाद घालीन. घातला नाही. ठेकेदाराला आंब्याच्या नाही, सागाच्याच चौकटी करायला सांगितल्या आहेत (सुतारपक्षी, धन्यवाद). खर्च वाढला. असो.

पण हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. बाहेर पडताना आई देवापुढच्या वहाणांपाशी थांबली. पिशवीतून सुतळी काढली, एका जोडाच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली, गाठ मारली आणि परत पिशवीत ठेवली. मला काही बोलली नाही. रात्री जेवताना तिने सांगितलं की मामा, म्हणजे तिचा भाऊ, लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा आजोबांनी वहाणांचा नवस बोलला होता. मामा बरा झाला, पुढे नोकरीला मुंबईत आला, आजोबा गेले, आणि नवस राहून गेला. मामाच्या शेवटच्या आजारपणात तिला तो पुन्हा आठवला होता, पण त्या धावपळीत कुणाला सांगता आलं नाही. "तो रोज फिरता," आई म्हणाली, "आणि आमी बोललेलां दिलांव नाय." साठेक वर्षं ती हे मनात धरून होती. फणस पडला नसता तर कदाचित मला कधीच कळलं नसतं.

सुतळी माझ्यापाशी आहे. आता तेवढी मदत हवी आहे. वेंगुर्ले, शिरोडा, सावंतवाडी या भागात अशा वहाणा हाताने करून देणारे कारागीर अजून आहेत का? साध्याच हव्यात, नक्षी नको. आईला जत्रेच्या आत द्यायच्या आहेत.

---

तांबडी माती

आहेत. नाव-नंबर इथे उघड लिहीत नाही, तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून कळवते. पण लगेच बोला, जत्रेआधी त्यांच्याकडे रीघ लागते. सुतळी बरोबर न्याच, ते मापाशिवाय हात लावत नाहीत. आणि आईंना घेऊन जा. नवस कुणाचा, कुणासाठी, हे ते विचारतात, आणि चामडं कापायच्या आधी त्यांना ते ऐकायचं असतं.

---

माडाखाली

निरोप मिळाला. शनिवारी आईला घेऊन निघतेय.